नागपूरच्या गारठ्यात धावणं: थंडी खरी धरते ती थांबल्यावर

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. वय 48, बँकेत नोकरी, राहायला त्रिमूर्तीनगर. जुलैत चालत-धावत सुरुवात केली आणि दिवाळीपर्यंत अंबाझरी तलावाच्या बाजूला सलग 6 किलोमीटर जमायला लागले. डिसेंबरात पारा 8-9 अंशांवर आला आणि घडी विस्कटली. घसा जळतो, घरी आल्यावर तासभर कोरडा खोकला येतो, पहिले दोन किलोमीटर पाय लाकडाचे वाटतात, बोटं बधिर होतात. दोन स्वेटर, मफलर, कानटोपी एवढं घालूनही परतीच्या वाटेवर हुडहुडी भरते. बीपीची गोळी चालू आहे. आई म्हणतात, छातीत थंडी भरेल, तीळसंक्रांतीपर्यंत बंद कर. फेब्रुवारीत 10 किलोमीटरची शर्यत आहे. थांबू की चालू ठेवू?

चालू ठेवा. मी 22 वर्षांपासून रविनगर आणि अंबाझरीच्या परिसरात लोकांना धावायला शिकवते, त्याआधी स्वतः 5000 मीटर धावायची. दर डिसेंबरात हा प्रश्न कोणीतरी विचारतंच, आणि बहुतेकांची चूक एकाच ठिकाणी सापडते: धावण्याआधीची दहा मिनिटं आणि धावणं संपल्यानंतरची वीस मिनिटं. माणूस पळत असतो तोवर आपल्याकडची थंडी त्याचं फार वाकडं करू शकत नाही. तो घामेजल्या कपड्यांत उभा राहिला, की मग ती त्याला धरते.

याचं कारण समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं होईल. धावताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं, तिचा साधारण तीन-चतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. तुमचं वजन 70 किलो धरलं तर एका किलोमीटरला अंदाजे 70 किलोकॅलरी लागतात. म्हणजे 6 किलोमीटर तुम्ही पोटाशी पेटती शेगडी घेऊनच फिरता. मे महिन्यात 45 अंशांत हीच शेगडी जीव नकोसा करते. जानेवारीत तीच आपल्या कामाची. लांब पल्ल्याच्या धावण्याला साधारण 5 ते 12 अंशांची हवा सर्वांत चांगली मानतात, आणि नागपूरची हिवाळ्यातली पहाट नेमकी त्यात बसते. मुंबईच्या धावणाऱ्यांना ही हवा मिळत नाही. आपल्याला मिळते, पण जेमतेम तीन महिने, नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. मार्च लागला की सकाळी साडेसातलाच ऊन अंगावर यायला लागतं. दोन आठवडे पूर्ण विश्रांती घेतली तरी दम कमी व्हायला सुरुवात होते. संक्रांतीपर्यंत थांबलात तर जुलैपासूनची मेहनत बरीचशी पुन्हा करावी लागेल, आणि तीही उन्हाळ्याच्या तोंडावर.

आता तुमची हुडहुडी. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात 3.5 अंश नोंदले गेले, तोवरचा शहराचा नीचांक. शनिवार होता. आम्ही अकरा जण अंबाझरीला होतो. स्कूटरच्या सीटवरचं दव पुसताना हाताला चटका बसत होता. अकराही जण 8 किलोमीटर व्यवस्थित धावले, धावताना कोणालाही काही झालं नाही. धावणं संपल्यावर एक तरुण मुलगा ओल्या सुती टी-शर्टवर चहाच्या टपरीशी गप्पा मारत उभा राहिला. वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. मी त्याच्याकडे बघितलं तेव्हा त्याच्या हातातला कप इतका थरथरत होता की चहा मनगटावर सांडत होता, आणि त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. ओठ निळसर झालेले. नाव विचारलं तर शब्द जड येत होते. त्याला एका गाडीत बसवलं, टी-शर्ट काढून अंग कोरडं केलं, दोघांची जॅकेटं चढवली, कोमट गोड चहा घोट घोट पाजला. अर्ध्या तासानं तो माणसात आला. शरीराचं तापमान उतरायला लागलं की असंच होतं: आधी जोराची थरथर, मग बोलणं जड, मग हालचालीत गोंधळ. तो तसाच मोटरसायकलवर बसून वाडीकडे निघाला असता तर काय झालं असतं, हा विचार मला आजही सोडत नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम झाला. धावणं संपल्यावर पाच मिनिटांच्या आत अंगातला ओला कपडा उतरलाच पाहिजे, गप्पा नंतर.

तुमच्या बाबतीत नेमकं हेच घडतंय. अंबाझरीहून त्रिमूर्तीनगरला तुम्ही स्कूटरवर जाता. हवा 8 अंश आणि वेग ताशी 40 किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला ती हवा सुमारे 3 अंशांसारखी लागते. हे कोरड्या कातडीचं झालं. आत घामानं भिजलेली बनियन आणि तिच्यावर भिजलेला स्वेटर असेल तर अंगातली ऊब त्याहून कितीतरी वेगानं निघून जाते. शेगडी तर तुम्ही धावणं थांबवलं तेव्हाच विझली.

म्हणून स्कूटरच्या डिकीत एक पिशवी कायम ठेवा. तिच्यात जुना पंचा, कोरडी बनियन, कोरडा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, तुमच्या दोनपैकी एक स्वेटर आणि कानटोपी. शेवटचे तीन-चारशे मीटर चालत या, स्कूटरशी पोचलात की आधी पंचानं छाती आणि पाठ खसखसून पुसा, कोरडं घाला, मगच काय ते बोलणं. एक जुनी युक्ती सांगते. पहाटे दूध आणि पेपर टाकणारी मुलं करायची, मी त्यांच्याकडूनच शिकले. वर्तमानपत्राची दोन पानं उभी घडी घालून स्वेटरच्या आत छातीवर धरायची आणि चेन लावायची. कागदातून वारा जात नाही. दहा मिनिटांच्या स्कूटरवरच्या रस्त्याला याहून स्वस्त आणि चांगलं काही मला अजून मिळालेलं नाही.

धावताना मात्र कपडे कमी हवेत. दोन स्वेटर घालून तुम्ही स्वतःला आतून भिजवता आणि त्याच ओलीनं नंतर कुडकुडता. हिशोब असा ठेवा: बाहेर जितके अंश असतील त्यापेक्षा आठ-दहा अंश जास्त आहेत असं समजून कपडे घाला. 8 अंश असतील तर 17-18 अंशांत धावताना जे घालाल ते. घराबाहेर पडल्यावर पहिली पाच-सात मिनिटं थोडं गार वाटलं पाहिजे. फाटकापाशीच उबदार वाटत असेल तर एक कपडा जास्त झाला. आतला कपडा घाम धरून न ठेवणारा पॉलिस्टरचा घ्या, ज्याला सगळे ड्रायफिट म्हणतात. सुती बनियन पाणी पिते आणि वाळत नाही, म्हणून ती धावायला नको, नंतर बदलायला ठीक. वर पूर्ण बाह्यांचा एक टी-शर्ट. उत्तरेचा वारा सुटला असेल तर बिनअस्तराचं पातळ विंडचीटर, चेन अर्धी उघडी ठेवता येईल असं. खाली साधी ट्रॅकपँट पुरते. पाय स्वतः काम करत असतात, त्यांना फार पांघरायची गरज नाही.

कानटोपीबद्दल थोडं. डोक्यातून अर्धी ऊब जाते असं लोक सांगतात, ते तसं नाही. डोकं शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे दहावा भाग, त्यातून जाणारी ऊबही साधारण त्याच प्रमाणात. पण कान दुखतात हे खरं, तेव्हा कानांवरून जाणारी पातळ पट्टी बांधा. जाड माकडटोपीनं मागून येणाऱ्या गाडीचा आवाज दबतो, आणि अंधारात मला ते अजिबात चालत नाही.

पायांच्या लाकडाकडे वळू. थंड स्नायू आखडलेला असतो, तो हळू आकुंचन पावतो आणि झटका बसला तर चटकन ताणला जातो. मी हे अंगावर काढलेलं आहे. महाविद्यालयात असताना जानेवारीतल्या एका शर्यतीत आयोजकांनी आम्हाला ट्रॅकसूट उतरवून स्टार्टच्या रेषेवर उभं केलं, आणि पाहुणे यायचे होते म्हणून अर्धा तास तसंच ठेवलं. गरम झालेले पाय पुन्हा गार झाले. बंदूक वाजली, मी सुसाट निघाले आणि दुसऱ्या फेरीत उजव्या मांडीच्या मागे कोणीतरी दोरी तोडावी तसं झालं. नऊ आठवडे गेले. त्या वर्षाचा मोसम गेलाच. आजही कुठल्या शर्यतीत पोरांना गारठ्यात ताटकळत ठेवलेलं दिसलं की मी जाऊन भांडते.

तर गरम होण्याचं काम घरातच उरका, मैदानावर पोचून नव्हे. तुम्ही स्कूटरवर दहा मिनिटं गार होत जाता आणि उतरल्या उतरल्या धावायला लागता. घरी जिन्याचे दोन मजले तीन-चार वेळा चढा-उतरा, पंधरा-वीस उठाबशा काढा, भिंतीला हात टेकून टाचा वर-खाली करा, एकेक पाय घड्याळाच्या लंबकासारखा पुढे-मागे हलवा. सहा-सात मिनिटांत कपाळ किंचित ओलसर होईल, तेवढं पुरे, घामाच्या धारा नकोत. मग विंडचीटर, हातमोजे घालून स्कूटर. तिथे पोचल्यावर पाच मिनिटं झपाझप चाला, आणि पहिला किलोमीटर तुमच्या नेहमीच्या वेगापेक्षा मिनिट-दीड मिनिट सावकाश. वाकून पायाचे अंगठे धरून ताणत बसणं थंड अंगानं करू नका. ते धावून आल्यावर, घरात, कोरड्या कपड्यांत. खरं तर आठवड्यातले दोन दिवस स्कूटर न काढता घरापासूनच निघालात तर अर्धा प्रश्न आपोआप सुटेल.

घसा आणि खोकला हा भाग जरा सावकाश सांगते, कारण आईंची भीती तिथेच आहे. थंड हवा जशीच्या तशी फुफ्फुसात जात नाही. नाक, घसा आणि श्वासनलिका तिला वाटेतच शरीराच्या तापमानाची करतात आणि ओलावतात. पण त्यासाठी लागणारं पाणी श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरातून जातं. शांत बसल्यावर आपण मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो, धावताना हेच पन्नास-साठ लिटरपर्यंत जातं, तेही तोंडावाटे. आपल्या हिवाळ्यातली हवा कोरडी. अस्तर सुकतं, चुरचुरतं, घसा जळतो. काही लोकांच्या श्वासनलिका त्यावर प्रतिक्रिया म्हणून आवळल्या जातात, आणि हे बहुधा धावताना होण्याऐवजी थांबल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत वाढतं, मग अर्ध्या-एक तासात ओसरतं. तुमचा तासभराचा खोकला या वर्णनात बसतो.

त्यावर करायचं ते असं. पहिली दहा मिनिटं तोंड मिटून, फक्त नाकानं श्वास घेता येईल इतक्याच वेगानं धावा. नाक चोंदलं असेल तर निघण्याआधी गरम पाण्याची वाफ घ्या. मफलर चांगलं आहे, पण लोकरीचं नको, ते ओलं होऊन नाकाला चिकटतं. सुती मलमलचा पातळ दुपट्टा किंवा नळीसारखा गळपट्टा नाका-तोंडावर सैल ठेवा. बाहेर सोडलेल्या श्वासाची ओल आणि ऊब त्यात अडकते आणि पुढच्या श्वासाला मिळते. सावकाश आणि पुरेसं गरम होऊन सुरुवात केली की श्वासनलिका आवळण्याचं प्रमाणही कमी होतं, हे मी कित्येकांच्या बाबतीत पाहिलं आहे. शेवटही एकदम करू नका, वेग हळूहळू उतरवत चालण्यावर या.

एवढं करून पंधरा दिवसांत खोकला कमी झाला नाही, छातीत शिट्टीसारखा आवाज आला, आवळल्यासारखं वाटलं किंवा रात्री खोकल्यानं जाग आली, तर छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन फुंकण्याची तपासणी करून घ्या. बालपणी दमा नसलेल्यांनाही हा त्रास असू शकतो. डॉक्टरांनी धावण्याच्या पंधरा मिनिटं आधी तोंडानं ओढायचा पंप (इनहेलर) दिला तर लाजू नका. माझ्या हाताखालून गेलेल्या चांगल्या धावपटूंपैकी काही जण पंप घेऊनच धावले.

खोकल्याचं दुसरं कारण थंडी नसून धूर आहे, आणि नागपुरात ते फार मोठं आहे. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल अशा रात्री जमीन भराभर निवते, तिच्यालगतची हवा जड होऊन खाली बसते, आणि वरच्या गरम हवेचं झाकण बसल्यासारखं होतं. शेकोट्या, जाळलेला पालापाचोळा, कचरा, गाड्यांचा धूर, सगळं त्या झाकणाखाली झाडांच्या उंचीवर अडकतं. सेमिनरी हिल्सवर पहाटे उभं राहून शहराकडे बघा, तो राखाडी थर डोळ्यांना दिसतो. शेकोटीत टायर किंवा प्लॅस्टिक टाकलेलं असेल तर दोनशे मीटर आधी रस्ता बदला, त्यातून धावत जाऊ नका. सूर्य वर येऊन जमीन तापली की झाकण फुटतं.

त्यामुळे वेळ आणि जागा निवडणं कपड्यांइतकंच महत्त्वाचं आहे. लोकांना वाटतं पहाटे चारला सर्वांत जास्त थंडी असते. खरं म्हणजे रात्रभर जमीन निवतच जाते आणि पारा सर्वांत खाली येतो तो सूर्योदयाच्या आसपास. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सात वाजायच्या पाच-दहा मिनिटं आधी उगवतो. तुम्ही साडेपाच ते साडेसहा धावता म्हणजे अंधार, धूर आणि जवळजवळ पूर्ण गारठा, तिन्ही घेता. बँक दहाची असेल तर सात वाजता सुरू करून बघा. पावणेआठला ऊन कोवळं असतं, पाठीवर पडलं की वेगळं औषध लागत नाही. रविवारची लांब धाव तर साडेसातलाच काढा. सकाळी जमत नसेल त्या दिवशी संध्याकाळी साडेपाच-सहाला हवा छान असते, फक्त गाड्यांचा रस्ता सोडून मैदानात धावा.

जागेचं म्हणाल तर खोलगट भागात गार हवा साचते. तलावाच्या काठी धुकं आणि ओल त्यात भर घालतात. अंबाझरीला जो गारठा जाणवतो त्यापेक्षा सेमिनरी हिल्सच्या चढावर कमी वाटतो, आणि चढामुळे वेग न वाढवताही अंग लवकर तापतं. वारा असेल तेव्हा जाताना वाऱ्याला तोंड द्या, येताना तो पाठीशी घ्या. उलटं केलंत तर घाम आल्यानंतर वारा समोरून बोचतो. गोरेवाड्याच्या बाजूला अंधारात एकट्यानं जाऊ नका. तिकडे बिबटे आहेत.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट, बीपी. थंडीत कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात, त्यामुळे रक्तदाब वाढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. हृदयविकाराचे झटके हिवाळ्यात जास्त येतात हे जगभर दिसलेलं आहे. म्हणून पंचेचाळिशीनंतरच्या, बीपी असलेल्या माणसानं थंडीत गरम न होता एकदम जोरात धावणं मला मुळीच मान्य नाही. शर्यतीची तयारी वाढवण्याआधी तुमच्या डॉक्टरांना भेटा, हिवाळ्यातला रक्तदाब मोजून घ्या, त्यांना गरज वाटली तर ट्रेडमिलवरची हृदयाची तपासणी करा. डॉक्टरांना एक नेमका प्रश्न विचारा: माझी गोळी कोणत्या प्रकारची आहे? बीटा-ब्लॉकर असेल तर हात-पायांची बोटं गार पडणं हा तिचा ओळखीचा परिणाम आहे, आणि तिच्यामुळे नाडीचे ठोके फार वाढत नाहीत, म्हणजे मनगटावरच्या घड्याळातला आकडा बघून वेग ठरवता येत नाही. दम्याचा कल असलेल्यांना ही गोळी कधी कधी त्रासदायक ठरते, म्हणून खोकल्याचंही त्यांना सांगाच. लघवी वाढवणारी गोळी असेल तर पाण्याकडे जास्त लक्ष द्यावं लागेल. मात्र स्वतःच्या मनानं एकही गोळी बंद करायची किंवा वेळ बदलायची नाही. वेगाचं माप म्हणून बोलणं वापरा: शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, विचित्र दम, गार घाम, यांतलं काहीही झालं तर घरापर्यंत जायचा प्रयत्न नको. तिथेच बसा, लोकांना हाक मारा, 108 ला फोन लावायला सांगा.

बोटांसाठी हातमोजे घरातूनच घाला. बोटं एकदा गार झाली की त्यावर मोजा चढवून फारसा उपयोग होत नाही. हिवाळ्यात तिबेटी विक्रेत्यांकडे मिळणारे पातळ लोकरी मोजे चांगले, गरम झाल्यावर खिशात मावतात. नसतील तर पायातले जुने स्वच्छ मोजे हातात घाला, चारही बोटं एकत्र राहिल्यानं उलट जास्त ऊब मिळते. बधिर बोटं शेकोटीवर किंवा कढत पाण्यात धरू नका. कळत नसल्यामुळे कातडी भाजते, आणि गार बोटं एकदम शेकल्यानं लाल होऊन सुजतात, खाजतात. काखेत धरा, दोन-चार मिनिटांत मुंग्या येऊन मोकळी होतील.

पाण्याबद्दल: गारठ्यात तहान लागत नाही आणि लघवीला जास्त होतं, त्यामुळे माणूस नकळत सुकत जातो. निघण्याआधी पेलाभर कोमट पाणी प्या, आल्यावर आणखी दोन. बूट रात्री बाल्कनीत ठेवू नका, त्यांच्या तळाचा फोम थंडीत कडक होतो आणि पहिले दोन किलोमीटर फरशीवर धावल्यासारखं लागतं. घरात पलंगाखाली ठेवा. दव पडलेल्या पेव्हर ब्लॉकवर वळणं सावकाश घ्या. हिवाळ्यात सगळे काळी जॅकेटं घालतात, तुम्ही पिवळं किंवा पांढरं घाला, आणि रस्त्यावर असाल तर समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूनं धावा.

आणि मांजा. डिसेंबरच्या शेवटापासून संक्रांतीनंतरचे दोन आठवडे नागपुरात झाडांवरून, खांबांवरून तुटलेला मांजा लोंबत असतो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं 2017 मध्ये बंदी घातली, तरी तो सापडतो, आणि दरवर्षी गळे चिरले जातात. अर्धवट उजेडात तो दिसत नाही. मागच्या वर्षी माझ्या दंडाला ओरखडा गेला तेव्हा आधी मला वाटलं फांदी लागली, मग बाहीवरचा सरळ काप दिसला. या दिवसांत गळपट्टा गळ्यावर घट्ट असू द्या, स्कूटरवर तर नक्कीच, आणि धावायला जमलं तर उघडं मैदान निवडा. दिसलेला मांजा गुंडाळून कचऱ्यात टाका, तिथेच सोडू नका.

न धावण्याचे दिवसही असतात. नुसती नाकातली सर्दी असेल तर हलकं धावलेलं चालतं. ताप, अंगदुखी, छातीतला कफ असेल तर नाही. दहा पावलांपुढचं दिसत नाही असं धुकं असेल तर रस्त्यावर जाऊ नका. आणि आपल्याकडे हिवाळ्यात अवकाळी पाऊस येतो, तेव्हा खास सावध राहा. कोरडे 6 अंश सोसतात, पण भिजून 12 अंशांत वारा लागला की माणूस लवकर गारठतो. त्या दिवशी घरात जिना चढा.

शर्यतीची आखणी सोपी ठेवू. आत्ता 6 किलोमीटर येतात, तर आठवड्यात चार दिवस धावा, त्यातला रविवार लांब. दर रविवारी अर्धा ते एक किलोमीटर वाढवा, दर चौथ्या रविवारी थोडं कमी करा, म्हणजे जानेवारीअखेर 9 किलोमीटरपर्यंत पोचाल. शर्यतीला 10 आपोआप होतात. वेगाचे सराव यंदा नकोच. एवढं मात्र लक्षात असू द्या, फेब्रुवारीच्या मध्यात सकाळ बरीच उबदार झालेली असते. गारठ्यात सवय झालेला माणूस त्या दिवशी जास्त कपडे घालून येतो आणि सातव्या किलोमीटरला हाशहुश करतो. एक अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट पुरेल. स्टार्टला थांबताना अंगावर जुना शर्ट ठेवा, बंदूक वाजायच्या मिनिटभर आधी काढून कोणाच्या तरी हातात द्या. रविवारी धावून, कपडे बदलून झाल्यावर गरम तर्री पोहे खायला माझी पूर्ण परवानगी आहे, मी स्वतः खाते.

राहिल्या आई. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. छातीत थंडी भरते असं त्या पिढीनं म्हटलं ते ओल्या अंगानं वाऱ्यात बसलेल्या माणसांना आजारी पडताना बघूनच म्हटलं. त्यांना एक काम द्या. तुम्ही धावून घरात आलात की त्यांनी तुमच्या पाठीवर हात फिरवून बघायचा. हाताला बनियन कोरडी लागली तर चहा. ओली लागली तर त्यांनी तुम्हाला काय बोलायचं ते बोलावं, आणि त्या दिवशी मी त्यांच्या बाजूनं असेन.